अक्काचा कॉम्प्युटर मी सोपा केला

आधीच बजावून ठेवतो, हसायचं नाही. गाढवपणा माझाच आहे, पण माझं डोकं अजून तापलेलं आहे.

माझी थोरली बहीण, अक्का, सोलापुरात घरातूनच वधूवर सूचक केंद्र चालवते. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक दिवस फर्मान आलं, नवीन विंडोज या मशीनवर चालणार नाही, मशीन बदला! मला असा संताप आला! चांगलं धडधाकट यंत्र भंगारात का घालायचं? मी चिंचोळी एमआयडीसीत मेंटेनन्सला. बंद पडलेलं चालू करणं हेच माझं काम. शिवाय पाच वर्षं विंडोजऐवजी लिनक्स वापरतोय, आणि कुणी न विचारता सगळ्यांना सांगतोय.

"अक्का, लिनक्स टाकतो. फुकट आहे, झकास आहे."

"मला जमंल का रे, चन्नू?"

"मी सोपं करून देतो की!"

इथं मी माती खाल्ली.

तसा लिनक्सवाल्यांवरही माझा जुना राग. नवीन माणूस आला की त्याच्यापुढं लिनक्सच्याच प्रकारांची ढीगभर नावं टाकतात आणि म्हणतात, यातलं निवड. काही विचारलं तर "आधी वाचून या." अरे, माणूस पहिल्यांदा दारात आलाय, त्याला बसा म्हणा, पाणी द्या! मी ठरवलं, सोपं कसं करतात ते या शहाण्यांना दाखवायचंच.

पडद्यावर चारच फोल्डर ठेवले. मुलं, मुली, छपाईचे कागद आणि चौथी कचरापेटी. पण तुम्हीच सांगा, लग्नं जुळवणाऱ्या बाईच्या पडद्यावर 'कचरापेटी' बरं दिसतं का? मी तिला नाव दिलं, 'बाजूला ठेवलेलं'. किती सभ्य! वर अक्काला साफसफाईचा ताप नको म्हणून दर शनिवारी दुपारी ती पेटी आपोआप, कायमची रिकामी होईल अशी सोय केली.

हे अक्काला सांगितलं का? छे! सोपं म्हणजे सांगायलाच लागू नये!

महिन्याभरानं रविवारी अक्कानं मेळावा ठेवला. पंधरा दिवस बसून तिनं सगळ्यांचे बायोडाटा नव्यानं टाइप केले. शनिवारी दुपारी मी कारखान्यात, तेवढ्यात तिचा फोन.

"चन्नू, पोरं गेली रे!"

"कुणाची पोरं गेली?"

"सगळ्यांची! पोरीबी गेल्या! चौऱ्याऐंशी जण!"

"चौऱ्याऐंशी गेले?" मी ओरडलो.

शेजारच्यानं हातातला पाना टाकला. त्याला वाटलं, वऱ्हाडाची गाडी उलटली. पाच मिनिटांत सगळं खातं माझ्याभोवती. मॅनेजर, जो एरवी तासाची सुट्टी देत नाही, मला स्वतः गेटपर्यंत सोडायला आला. तेव्हाही मी काय बोललो असेन? "सर, फाईली गेल्यात" म्हणालो असेन? नाव नको!

घरी गेलो तो थेट दाजींवर घसरलो. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, साधा माणूस.

"दाजी, तुम्ही हात लावला ना?"

"मी फक्त पत्ते खेळलो."

"पत्ते? उद्या मेळावा, आणि तुम्ही पत्ते खेळता?"

दाजी चप्पल घालून बाहेर निघून गेले. मग मी लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर घसरलो. 'तुमच्या सिस्टीमनं चौऱ्याऐंशी लग्नं खाल्ली!' असं रागारागानं लिहिलं. कुणीतरी शांतपणे विचारलं, फाईली शेवटच्या कुठं ठेवल्या होत्या?

"अक्का, कुठं ठेवल्या होत्यास?" मी खेकसलो.

"उद्यासाठी निवडल्या आणि बाजूला ठेवल्या. तूच लिवलायस की तितं, 'बाजूला ठेवलेलं' म्हणून."

कसंबसं खरं सांगितलं. अक्का खुर्चीतून उठली.

"कचऱ्याच्या डब्याला कचऱ्याचा डबा म्हणायला काय झालं होतं रे तुला? शाळा शिकलीय मी! समजलं नसतं का मला?"

फाईली परत आणायला दोन तास झटलो. हाती आलं काय, तर एका मुलीची रास आणि एका मुलाची उंची.

मग अक्कानं मला समोर बसवलं आणि एकेका घरी फोन लावला. प्रत्येकाला तेच वाक्य. "माझ्या भावानं कॉम्प्युटर सोपा केलाय, तवा उद्या बायोडाटा कागदावर घिऊन या." चौऱ्याऐंशी वेळा ऐकलं मी ते!

चुकलो. त्र्याऐंशी वेळा. कारण त्यात एक बायोडाटा माझाच होता. वयाची छत्तीस वर्षं पुरी झाली, अजून कुठं जमलेलं नाही.

रविवारी सगळे कागद घेऊन आले, मेळावा व्यवस्थित भरला. मीही हातानं लिहिलेला कागद घेऊन टेंभुर्णीच्या एका मुलीच्या वडिलांपुढं बसलो. त्यांनी चष्मा लावला.

"छंद, कॉम्प्युटर," ते वाचता वाचता थांबले. "आवो, ह्या अक्कांचा कॉम्प्युटर सोपा करणारा भाऊ हितं कुटं दिसला का तुमाला? त्याच्यापायी सक्काळी सक्काळी झेरॉक्सवाल्याला झोपेतनं उटवलं मी. दोन शब्द सुनवायचेत त्याला."

"सुनवा," मी म्हणालो, "समोरच बसलाय. पण आधी कागद पुरता वाचून घ्या की!"