बंद घरांतले फ्रिज

फ्रिज-वॉशिंग मशिनची विक्री वाढली की तालुका सुधारतोय, असं बातमीत लिहायची आमची पद्धत आहे. त्या हिशेबाने कोकणातली ही वाडी सुखी म्हणायची. बारा घरं आणि प्रत्येक घरात नवा फ्रिज. माणूस मात्र एकच, सुलभाकाकू. बाकीचे मुंबईला असतात, गणपतीत आठ दिवस येतात. चाव्या काकूंकडे. बंद फ्रिजला बुरशी धरते, म्हणून रोज दुपारी त्या घरोघरी जाऊन फ्रिज तासभर चालू करतात.

मी वाटेवर उभा होतो. काकू एकेक कुलूप लावत पुढे सरकल्या आणि त्यांच्यामागे एकेक रिकामं घर घरघरू लागलं. आत कोणी झोपलंय असं वाटावं.

"घाबरलात काय?" काकू हसल्या. "मला सोबत होते हो."

तेवढ्यात टेम्पो आला. एका घराचं वॉशिंग मशिन उतरलं, सही काकूंनी केली.

"सोमवारी आणखी दोन आहेत," टेम्पोवाला म्हणाला. "असाल ना?"

"रविवारी लेक मला न्यायला येतेय. कायमची."

"मग सामान द्यायचं कोणाकडे?"

टेम्पोवाल्याने बंद दारांवरून नजर फिरवली आणि मग माझ्याकडे पाहिलं.