मफी म्हणाला, की माफी?

बुधवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं, एवढ्यात मोझेस आला. मोझेस म्हणजे आमच्या दान्याचा, डॅनियलचा, रूममेट. युगांडाचा आहे, मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. एरवी आला की खुर्चीत धपकन बसणारा हा माणूस त्या दिवशी टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. म्हणाला, "बाऊ, डॅनियल खलास." मी म्हटलं, खलास म्हणजे काय? काँट्रॅक्ट खलास? इथे आखातात नोकरी संपली तरी खलास, ड्युटी संपली तरी खलास, पातेल्यातला भात संपला तरी खलासच. मी तर चिडलोच. न सांगता घरी गेला म्हणजे काय? निदान केस तरी कापून जायचं! मोझेस नुसती मान हलवत होता. मग त्यानं स्वतःच्या डोक्याला बोट लावलं आणि म्हणाला, "हॉस्पिटल. येस्टरडे..." आमच्या गुहागरकडे माणसाला 'खलास' ज्या अर्थानं म्हणतात, तो अर्थ मला तेव्हा कुठे लागला. शटर अर्धंच राहिलं होतं, ते मी पुन्हा खाली ओढलं.

डॅनियल ओटिएनो, वय एक्केचाळीस, केनियातल्या किसुमूचा. इथे अदलिया भागात आमच्या सलूनच्या पुढच्या गल्लीत एक ऑफिसची इमारत आहे, तिथे सिक्युरिटी सुपरवायझर होता. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणे. बीपीमुळे. आता पाच आठवडे होतील. मी बावीस वर्षं या दुकानात उभा आहे, माणसांची डोकी हातात धरून. कुणाच्या डोक्यात काय चाललंय हे आपल्याला जरा जास्तच कळतं, असा माझा समज होता. आता तो समजही गेला, आणि त्याच्या जागी जे आलंय त्याला काय म्हणायचं तेही मला कळत नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा साधा वॉचमन होता. बारा तासांची शिफ्ट करून, युनिफॉर्मवरच आला. मी हात जोडले आणि म्हटलं, "माफी, माफी." मशीन खराब आहे असंही सांगितलं. मशीनला काही धाड भरली नव्हती. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. तसले दाट, घट्ट कुरळे केस मी कधी कापले नव्हते. शिवाय बाकीची गिऱ्हाइकं काय म्हणतील, हेही मनात होतं. लिहायला लाज वाटते, पण होतं. तो मात्र दारातून हलेना. "मफी व्हॉट?" म्हणाला. "मफी मशीन? मफी बार्बर? मफी चेअर?" इथल्या अरबीत मफी म्हणजे नाही, नसणं. दुकानात तीन खुर्च्या रिकाम्या, मशीन भिंतीला टांगलेलं, मी ढळढळीत समोर उभा आणि हा विचारतोय, नेमकं काय नाहीये? मला हसू आवरेना. मी त्याला समजावलं, बाबा रे, आमच्या भाषेत माफी म्हणजे सॉरी. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे एखादी वस्तू नसली की तुम्ही सॉरी म्हणता. चांगले लोक आहात." आणि बसला की खुर्चीत! दोन कंगवे मोडले मी त्या दिवशी. कपाळावरची केसांची रेघ वाकडी गेली ती गेलीच. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला, आणि येताना आणखी चौघांना घेऊन आला.

मला सगळे 'भाऊ' म्हणतात. त्याला ते जमायचं नाही, तो म्हणायचा 'बाऊ'. मी फोनवर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, बरोबर नाव ठेवलंय त्यानं. साधं शिंकलं तरी बाऊ करता तुम्ही!" हे मी त्याला सांगायला नको होतं. तेव्हापासून मी काही बोललो की तो बोट वर करायचा, "बाऊ, डोंट मेक बाऊ."

शुक्रवारी दुपारी, नमाजानंतर, आमचं दुकान दोन-तीन तास ओस असतं. ते तास दान्यानं बळकावले. त्याची माणसं यायची, केनियाची, युगांडाची, घानाची, बहुतेक वॉचमन आणि लोडर. मागच्या बाकावर बसवून तो त्यांच्याकडून इंग्रजीत इंटरव्ह्यूची तयारी करून घ्यायचा. अर्ज कसा लिहायचा, प्रथमोपचाराची परीक्षा कशी द्यायची, साहेबाच्या डोळ्याला डोळा देऊन कसं बोलायचं... कुणी खाली मान घालून उत्तर दिलं की टाळी वाजवून पुन्हा उभं करायचा. मोझेस आधी पोती उचलायचा. फोर्कलिफ्टच्या लायसनसाठी दान्यानं त्याच्या मागे सहा महिने अक्षरशः भुणभुण लावली होती. स्वतः सुपरवायझर झाला, त्या आठवड्यात त्यानं पेढे वाटायच्याऐवजी, म्हणजे त्यांच्यात पेढे नसतातच म्हणा, दोघा जणांचे अर्ज भरून दिले. एकटं वर जाण्यात त्याला काही गंमतच वाटत नसे.

बीपीचं मशीन आलं ते त्याच्या एका ओळखीचा घानाचा माणूस ड्युटीवर कोसळला त्यानंतर. तो वाचला, पण कंपनीनं मेडिकली अनफिट म्हणून घरी पाठवला. मग काय, सगळे घाबरले. डॉक्टरकडे जायचं नावच नको. आकडा वर दिसला की व्हिसा गेला, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. दान्या मला म्हणाला, "बाऊ, काळ्या माणसाला सगळे म्हणतात स्ट्राँग मॅन. थकलास का, असं कुणी विचारत नाही. मग तो स्वतःलाही विचारत नाही." मी मान डोलावली. याच मी त्याला कितीदा म्हटलंय, तू तर बैल आहेस रे, तुला काय धाड भरलीय! तेव्हा ते कौतुक वाटायचं.

युक्ती त्याचीच. केस कापायला बसलं की आपण गळ्याभोवती पांढरं कापड बांधतो ना, त्या कापडाखाली दंडाला पट्टा गुंडाळायचा. मशीन मांडीवर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माणूस केस कापतोय. पट्टा फुगला की मी कात्री थांबवायची. आकडा दान्या त्या माणसाच्या कानात सांगायचा, आणि जास्त असला तर कंपनीशी संबंध नसलेल्या क्लिनिकमध्ये स्वतः घेऊन जायचा. गोळी सुरू झाली की दर शुक्रवारी मी विचारायचं, "गोळी?" आणि त्यांनी अंगठा दाखवायचा. कितीतरी माणसं त्या कापडाखालून गेली. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

दान्या स्वतःही गोळी घेत होता. निदान अंगठा दाखवत होता. शेवटच्या शुक्रवारी त्याच्या कपाळावरची रेघ काढताना मला त्याची शीर उडताना दिसली. मी न विचारता पट्टा गुंडाळला. वरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढे गेला. "बॅटरी डाऊन," म्हणाला आणि पट्टा काढायला लागला. मी तोच पट्टा माझ्या दंडाला लावला, माझं एकशे तीस. बॅटरी ठणठणीत होती. मग मी जो तोंडाचा पट्टा सोडला... बाकावरची माणसं उठून बाहेर गेली. तो हसतच होता. पुढच्या महिन्यात व्हिसाच्या रिन्यूअलची मेडिकल होती, ती होऊ दे, मग बघू म्हणाला. दुसऱ्यांना जी भीती घालवायला शिकवत होता, ती त्याच्याच पोटात बसलेली! शेवटी "टुमॉरो क्लिनिक, इंशाल्ला" एवढं कबूल करून गेला. जाताना बोट वर केलंच, "डोंट मेक बाऊ."

सोमवारी दुपारी मी मेसेज टाकला, "गोळी?" उत्तर आलं, एकच शब्द, इंग्रजी लिपीत. एम, ए, एफ, आय. पुढे-मागे काही नाही. माझ्यासमोर गिऱ्हाईक होतं, गालावरचा फेस सुकत चालला होता. मी वाचलं, मफी मुश्किल, म्हणजे काही प्रॉब्लेम नाही. फोन करावा असं मनात आलं होतं. मग म्हटलं, जाऊ दे, शुक्रवारी एवढा तमाशा केलाय, पुन्हा कशाला? सगळ्या आयुष्यात त्या एका दुपारी मी बाऊ केला नाही.

नंतर मोझेस म्हणाला, दान्यानं स्वतःची गोळ्यांची पट्टी एका वॉचमनला देऊन टाकली होती, त्या वॉचमनच्या संपल्या होत्या म्हणून. कधी दिली? शुक्रवारच्या आधी की नंतर? मोझेसला आठवत नाही. शनिवारी क्लिनिकला गेला होता का? तेही कुणाला माहीत नाही. मग ती मफी म्हणजे गोळ्या नाहीत, अशी होती का? मला सांगत होता का, की बाऊ, संपल्यात, काहीतरी कर? की घेतली नाही, अशी मफी? की आमची ती पहिल्या दिवसाची माफी, सॉरी, तुझं ऐकलं नाही? बायको म्हणते, "अहो, त्याला कुठे माहीत होतं जाणार ते? माफी कशाला मागेल?" पटतं मला. आणि दुकान रिकामं झालं की पटेनासं होतं. फोन काढून ती चार अक्षरं बघतो. जितकं बघावं तितकी ती परकी होत जातात. किसुमूला नेण्याआधी त्याची दाढी कुणी केली, की केलीच नाही, हेसुद्धा मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शुक्रवारी मी दुकान उघडंच ठेवतो. बाकावरचा वर्ग मोझेस घेतो, टाळी मात्र त्याला दान्यासारखी जमत नाही. गेल्या शुक्रवारी एक केनियाचा वॉचमन बसला होता. कापड बांधलं, खालून पट्टा गुंडाळला, आकडा वर. अर्धं डोकं झालं होतं. मी विचारलं, "गोळी?" तो आरशात बघत म्हणाला, "मफी, बाऊ."

मी मशीन बंद केलं. खुर्ची गर्रकन माझ्याकडे फिरवली. म्हटलं, "कुठली मफी? संपली? घेतली नाही? की प्रॉब्लेम नाही? नीट सांग. सांगितल्याशिवाय उठू देणार नाही." तो घाबरलाच. मग हळूच म्हणाला, "फिनिश. थ्री डेज." एवढंच होतं. विचारलं तर इतकं सोपं होतं... मी त्याचा दंड धरला आणि चल म्हटलं. तो डोक्याकडे बोट दाखवत राहिला, एक बाजू कापलेली, एक तशीच. कापड काढायलाही मी थांबलो नाही. भर रस्त्यानं, गळ्यात ते पांढरं कापड तसंच असलेल्या त्या माणसाला घेऊन मी क्लिनिकची पायरी चढलो. येणारेजाणारे बघत होते. बघू देत. केला मी बाऊ.