गमीच्या पाकिटावरची लाल खूण

लताकाकूंनी पाकीट दोन बोटांत धरलं आणि टेबलाच्या पार त्या टोकाला सरकवलं.

"हे मी खाणार नाही."

मी ते इंग्रजीत सांगितलं. काचेपलीकडे बसलेला माझा बॉस ग्रेग इतका खूश झाला, की काच तडकते की काय असं वाटलं.

त्या दुपारी कॅनडातल्या एडमंटनमध्ये थंडी अशी होती, की माझी सावली पार्किंगमध्येच गाडीला चिकटून राहिली. तरी लोक फोकस ग्रुपला आले. फोकस ग्रुप म्हणजे माणसांना कॉफी पाजून, एखादी वस्तू दाखवून, त्यांच्या मनातलं काढून घेणं. वस्तू होती गांजाच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या. इथे त्या दुकानात कायदेशीर मिळतात. आमची पाकिटं रिकामी होती. तपासायचं होतं ते फक्त वॉर्निंग लेबल : पिवळ्या चौकटीतली सूचना आणि गांजा असल्याची लाल खूण. क्लायंट आरोग्य खात्यातला. लोक बिचकायला हवेत, एवढंच त्याला हवं होतं. इथे नव्याने आलेलेही हवेत म्हणाला, म्हणून काकू.

काकूंच्या आधी एक ट्रकवाला म्हणाला होता, "एवढी मोठी वॉर्निंग? मग माल दमदार असणार." ग्रेगचं तोंड तेव्हा कारल्यासारखं झालं होतं.

"का नाही खाणार, काकू?"

"लाल खूण आहे ना रे. नॉनव्हेज आहे ते."

"आणि ही पिवळी चौकट?"

"एवढं बारीक कोण वाचतं? आपण आधी खूण बघतो."

नागपुरात जन्मभर हिरवा ठिपका बघून बिस्किटं घेतलेली बाई. शिवाय गमीत जिलेटिन असतं, ते जनावराच्या हाडांचं. म्हणजे काकूंच्या शास्त्राप्रमाणे शंभर टक्के बरोबर.

मी हसलो. काकू सहज पुढे बोलल्या, "मुलाने आणलंय अशाच खुणेचं. मी माझ्या कप्प्यात ठेवू दिलं नाही, अंड्यांशेजारी ठेवलंय. नातू खातो ना अंडी. शाळेतून आला की द्या म्हटलंय ह्यांना."

खोलीत मराठी कळणारा मी एकटा.

"काकू, त्यात गांजा आहे. काकांना फोन लावा. आत्ता."

काकूंनी फोन माझ्याकडे दिला. नंबर मी लावला, स्पीकरवर.

"अहो, ती अंड्यांजवळची पुडी चिनूला दिलीत?"

"देतोय. आधी त्याचे बूट, जॅकेट, स्नोपँट... एव्हरेस्टवरून उतरल्यासारखा आलाय."

मागून चिनू ओरडला, "आजोबा, आय वॉन्ट इट नाऊ!"

"देऊ नका. माळ्यावर टाका ती."

"इथे माळा कुठंय?"

"मग खिशात घाला आणि खिसा शिवा. पण देऊ नका."

काकूंनी फोन ठेवला. मी पाणी आणून दिलं.

संध्याकाळी ग्रेग म्हणाला, "ती बाई बिचकली ना? लेबल चाललं."

"ग्रेग, ती बिचकली आणि नातवाला देणार होती."

"ती आउटलायर आहे." आउटलायर म्हणजे ज्याचं उत्तर इतरांपेक्षा वेगळं, आणि म्हणून बहुतेक वेळा सोडून दिलेलं.

मी सोडलं नाही. क्लायंटसमोर फोनचा प्रसंग जसा घडला तसा सांगितला. एरवी मी मीठमसाला लावतो, त्या दिवशी चिमूटभरही लागला नाही. पुढच्या फेरीत त्यांनी दोन प्रश्न वाढवले : ही खूण कशाची वाटते, आणि हे पाकीट घरात कोणाला द्याल?

माणूस बिचकला, याने काहीच सिद्ध होत नाही. कशाला बिचकला, ते विचारावं लागतं.