डास आल्टे

माझी मावशी वृद्धाश्रमात नर्स आहे. तिची नक्कल करणं सगळ्यात सोपं, कारण तिच्या आवाजात चढउतारच नाहीत. "चहा टाकू का" आणि "सात नंबरचे आजोबा गेले" ही दोन्ही वाक्यं ती एकाच सुरात म्हणते. काका गेल्यापासून हे असं. आई म्हणते, "हिच्या आवाजावर कुणीतरी इस्त्री फिरवलीय."

जर्मनची तोंडी परीक्षा पास झाली की तिची जर्मनीत नोकरी पक्की होती. "तिथे मला बघून कुणी हळू बोलायला लागणार नाही," एवढंच तिचं कारण.

क्लास ऑनलाइन, स्वयंपाकघरात. मी भांडी पुसता पुसता ऐकायचे. मास्तर नाकात बोलायचे (तेही मला येतं): "कुठलाही शब्द धरा, पहिलं अक्षर मोठं करा, पुढे डेअर, डी नाहीतर डास लावा. झालं नाम. एसन म्हणजे खाणे, डास एसन म्हणजे जेवण."

डास ऐकून मी टाळी वाजवून एक मारला. मावशी हसली नाही.

"आपल्यासारखंच की," ती म्हणाली. "ते खाणं, ते जगणं. नपुंसकलिंगी."

क्रियापदं तिला पटापट आली. घोडं अडलं विशेषणापाशी. आल्ट म्हणजे म्हातारा. तिने वाक्य केलं, "डास आल्टे आज जेवलं नाही."

"मॅडम, डास लावलंत तर जुनंपानं सामान होतं. पुरुषाला डेअर, बाईला डी. आणि तेही तोंडावर म्हणू नका, थेरडा म्हटल्यासारखं वाटतं."

"पण आपण म्हणतो ना सर, म्हातारं जेवलं नाही बिचारं. त्यात माया असते."

"परीक्षेत मायेला मार्क नसतात."

परीक्षेहून ती आली तेव्हा आई आणि मी दारातच.

"काय विचारलं?"

"पेशंट गेलाय, त्याच्या मुलीला फोन करून सांगा." मावशीने चपला काढल्या. "मी 'डास आल्टे' म्हणून गेले. परीक्षक बाईंनी पेन उचललं."

"मग गं?"

"मग 'डेअर पात्सिएंट' म्हटलं. पुल्लिंगी. पुढचं सगळं बरोबर आलं."

पुढच्या आठवड्यात निकाल लागला. पास. आईने तिला मिठी मारली आणि आईच रडली. मावशी हात खाली सोडून उभी होती.

"सुटलीस बाई," आई म्हणाली.

"हो. सोड आता, ड्यूटीला उशीर होतोय."