उसळणारं रिव्हॉल्वर

ऐंशी सालाच्या सुमारास, खंडेनवमीला, खडेबाजारातल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात तो खानापूरकडचा शेतकरी मला एकदाच भेटला. रानडुकरांसाठी घेतलेलं थोरलं रिव्हॉल्वर त्यानं तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांनी पूजेच्या पाटावर ठेवलं.

सगळ्या हत्यारांना कुंकू लावून दुकानदार त्याच्या कपाळाकडे वळला. तिथं भुवयांच्या मधोमध जुना व्रण होता.

“ऱ्हाऊ द्या अण्णा,” तो हसला. “पयल्याच बाराला ह्यानं उसळून मला टिळा लावलाय.”

“आणि डुक्कर?” मी विचारलं.

“त्याला काय हुतंय? दुसऱ्या दिशी भातात हजर! आता आमची आक्का डबा बडवती, तवा पळतंय.”

मग त्यानं रिव्हॉल्वरसमोर मनोभावे माथा टेकला. मात्र चांगलं हातभर अंतर राखून.