दिनकरआण्णांचा शब्द

एसटीच्या कंडक्टरला ‘काइंडली व्हाउचसेफ मी अ तिकीट’ म्हणणारा कुंडलमध्ये एकच माणूस होता, दिनकरआण्णा. कंडक्टर निमूट मशीन दाबायचे. माणूस मिलिटरीतून पेन्शनीत आलेला, आवाज परेडचा, आणि समोरचा काय म्हणतोय हे विचारून आपलं अडाणीपण उघडं करायला कोण जातंय?

आण्णा पलटणीत कारकून होते. साहेबांच्या मेसमधली जुनी पुस्तकं रद्दीत निघाली, तेव्हा त्यातला एक जाडजूड इंग्रजी कोश त्यांनी ट्रंकेत घालून गावाला आणला. मी बारावीत असल्यापासून रोज संध्याकाळी त्यांच्या घरच्या सोप्यात जायची. ते एक शब्द द्यायचे. तो वहीत लिहायचा नाही, घरी न्यायचा, कुणावर तरी वापरायचा आणि दुसऱ्या दिवशी काय झालं ते येऊन सांगायचं, अशी त्यांची पद्धत. म्हणायचे, “वहीत ठिवलेला शबूद कुजतोय, सुमे. त्यो त्वांडात पायजे.” एकदा मी आईला सांगितलं की आपली म्हैस ‘इंडिस्पोज्ड’ आहे. अर्थ नुसता ‘जरा बरं नाही’ एवढाच, पण आई घाबरून डॉक्टरला फोन लावायला निघाली. हे ऐकून आण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

खोटं कशाला बोलू, मला त्या शब्दांचं वेड लागलं होतं. ‘बिटवीन’ दोन गोष्टींच्या मधे नुसतं उभं राहतं, ‘बिट्विक्स्ट’ मात्र मधे चांगलं अडकून बसतं. म्हशीला वैरण टाकताना मी असले शब्द एकटीच मोठ्यानं म्हणायची. मोबाइलवरच्या पिक्चरमधली माणसं असं बोलत नाहीत, हे मी एकदा आण्णांना म्हटलंही. ती बाजारातली इंग्रजी, हापिसात खपत नाही, असं त्यांनी मला ठणकावून सांगितलं. मी मान डोलावली.

बी.ए. झाले तेव्हा वडिलांनी वर्षभराची मुदत दिली. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर कडेगावचं स्थळ आलंच होतं. विश्रामबागेतल्या एका इंग्रजी शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. आण्णांनी आठ दिवस माझ्याकडून उत्तरं बसवून घेतली. कशी उभी राहू, कुठं थांबू, सगळं.

समोर तिघं होते. इथं का यायचंय, असं विचारल्यावर मी म्हणाले, ‘आय बिसीच यू टु कन्सिडर माय हम्बल सप्लिकेशन,’ म्हणजे माझ्या नम्र याचनेचा विचार व्हावा. एका सरांनी मोबाइल उचलला आणि म्हणाले, पुन्हा म्हणा. त्यांना आवडलं असं समजून मी आणखी ठसक्यात म्हटलं. ते रेकॉर्ड करत होते. बाकीच्या दोघांचे खांदे हलायला लागले तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. मुख्याध्यापिका शेवटी मराठीत म्हणाल्या, “अगं, असं आता कुणीच बोलत नाही. तुला कुणी सांगितलं नाही का?”

बस स्टँडवरून मी तडक आण्णांच्या सोप्यात गेले. वाटलं होतं, त्यांनाही माहीत नसेल, बिचारे जुन्या काळातले. मी सगळं सांगितलं. ते कोशावरची धूळ पुसत राहिले.

“तुमाला ठावं होतं, आण्णा?”

“व्हय,” ते म्हणाले. “पलटणीत एका कॅप्टनसाहेबानं सांगितलं हुतं मला. ते बी असंच हसलं हुतं.”

“मग मला का न्हाई सांगितलं?”

त्यांनी कोश बाजूला सारला. “सांगितलं असतं तर तू आली नसतीस गं. एकट्यानं कुणासंगं बोलायचं म्या?”

मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. अजूनही पुरती येत नाही. माझी पाच वर्षं या माणसानं स्वतःच्या करमणुकीसाठी वापरली, आणि मी त्यांना गुरू म्हणत होते.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासर बरं आहे, तक्रार नाही. शिकवायचं मात्र राहून गेलं.

तीन वर्षांनी आण्णा कडेगावला आले. पार वाळले होते. मी पाणी दिलं, चहा केला, उसाची, पावसाची चौकशी केली. एकही शब्द इंग्रजी मी बोलले नाही. त्यांनी दोनदा विषय काढू पाहिला, मी बिस्किटं पुढं केली. निघताना भिंतीला धरून चपला घातल्या, माझ्याकडं वळले आणि हळू आवाजात म्हणाले, “आय रू इट, सुमन.”

मी म्हणाले, “काय म्हणालात, आण्णा? मला कळलं न्हाई.”

ते पुन्हा दाराकडं वळले. मग “काय न्हाई, काय न्हाई,” म्हणत पायऱ्या उतरले. दोन महिन्यांनी ते गेल्याचा फोन आला.

रू म्हणजे मनापासून पस्तावणं. मला कळलं होतं.