उंबरझिऱ्याचं सोनं

नवसाबाईला राग यायला कधीच वेळ लागत नसे. पण सत्त्याण्णव सालच्या फाल्गुनात आलेला राग पुढं सात वर्षं उतरला नाही, आणि त्याची सुरुवात तिच्या घरातूनच झाली.

सुरगाण्याच्या डोंगरात, गुजरातच्या हद्दीजवळ, उंबरझिरा नावाचा वीस-बावीस घरांचा पाडा होता. उंबराच्या मुळाशी खडकातून बारमाही पाणी पाझरायचं. वैशाखात शेजारच्या पाड्यांतल्या बाया कोसभर वणवण करत, तेव्हाही इथं हंडा बुडायचा.

होळीच्या आधी तिचा नवरा वाळू त्या झिऱ्यातला गाळ काढत होता. ओंजळीत पिवळे, चकाकणारे कण आले. दुसऱ्या कुणी हात झटकले असते. वाळूनं ते सागाच्या पानात बांधले आणि आठवडे बाजारात रंगनाथला दाखवले. रंगनाथ दिंडोरीकडचा, बाजारात भांडी विकायला बसायचा. त्यानं कण नखानं टोकरले आणि भर बाजारात ओरडला, "अरे, हे तर सोनं!"

वाळू घरी आला तो हसतच.

"कुणाकुणाला दाखवलंस?" नवसाबाईनं विचारलं.

"रंगनाथशेठला. अन् तिथं जे होते त्यांना."

"म्हंजे सगळ्या बाजाराला. तुझ्या तोंडाला झाकण नाय का रे?"

तिसऱ्या दिवशी पहिली जीप आली. पंधरा दिवसांत पाड्याच्या चौपट माणूस जमला. पेठचे आले, धरमपूरकडचे आले, नाशकातल्या बंद पडलेल्या कारखान्यांतले कामगार आले. झिऱ्याच्या ओहोळाच्या दोन्ही काठांवर प्लास्टिकच्या झोपड्या उभ्या राहिल्या. पहाटेपासून कुदळींचा आवाज. जो तो घमेल्यात गाळ घेऊन पाण्यात हलवत बसलेला. तळाशी काही चमकलं की चार जण धावायचे, त्यातले दोघं भांडायचे. पाड्याचं नावसुद्धा त्यांनी बदलून टाकलं. जीपवाले सुरगाण्यात 'सोनपाडा, सोनपाडा' अशी हाळी द्यायला लागले.

रंगनाथनं मात्र एकदाही कुदळ हातात घेतली नाही. तो वाळूला म्हणाला, "वाळूभाऊ, तुमच्या खाचरात चार महिने दुकान टाकतो. पावसाच्या आत उठतो." वाळूनं नवसाबाईला न विचारता मान डोलावली. भाताच्या खाचरात पत्र्याचं दुकान उभं राहिलं. घमेली, चाळण्या, कुदळी, चहा, भजी, आणि मागच्या दारानं दारू. शेजारी आणखी दहा दुकानं लागली. जीपा वळवायला जागा हवी म्हणून उरलेल्या खाचरांचे बांध फोडले, वर मुरूम टाकला.

नवसाबाई रोज त्या दुकानासमोर उभी राहून ओरडायची. लोकांना करमणूक झाली होती. रंगनाथ हसून म्हणायचा, "वहिनी, चहा घ्या. तुमच्याच जागेतला चहा हाय."

चैत्रात ती रेशन आणायला सुरगाण्याला गेली होती. परत येताना डोंगरापलीकडून दणका ऐकू आला. ती धावत पोचली तेव्हा झिऱ्यावर धूर होता. खाली सोन्याची शीर आहे म्हणून कुणीतरी खडकात सुरुंग लावला होता. उंबर आडवा पडला होता आणि खडकाला हात जाईल एवढी भेग गेली होती. पाणी त्या भेगेत उतरत होतं. नवसाबाईनं तिच्यात चिंध्या कोंबल्या, माती लिंपली, शेवटी दोन्ही तळहात दाबून बसली. पाणी बोटांमधून निघून गेलं.

"बाई, सोनं निघालं तर टँकर लावू तुम्हाला," मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं पितळी हंडा उचलला आणि बोलणाऱ्याच्या छातीवर हाणला. तो माणूस कोलमडला. चौघांनी तिला धरलं. वाळू गर्दीत उभा होता. पुढं आला नाही.

महिन्याभरानं कुणीतरी नाशिकहून गाळ तपासून आणला. ते सोनं नव्हतं. अभ्रक होता, नुसता चकाकणारा दगड. आठवड्यात झोपड्या गेल्या. मागं उरले खड्डे, बाटल्या आणि घाण. दुकानं मात्र हलली नाहीत. जीपांनी रस्ता पाडला होता, अन् रस्ता असला की गिऱ्हाईक येतंच. पावसाच्या तोंडावर रंगनाथनं उठायचं सोडून खाली सिमेंटचा कोबा केला आणि नवा धंदा काढला. ज्यांची खाचरं गेली, पाणी गेलं, त्यांनाच तो जीपमध्ये भरून नाशकाला द्राक्षांच्या आणि बांधकामांच्या कामावर पोचवायला लागला. माणसामागं त्याला दलाली मिळायची.

दुसरा इलाज नव्हता. नवसाबाईही पोरीला मांडीवर घेऊन त्याच जीपमध्ये बसली. पुढच्या सीटवरून रंगनाथ म्हणाला, "वहिनी, राग गेला का?" ती खिडकीबाहेर थुंकली.

नाशकात गंगापूर रोडला सिंधुबाईंच्या मळ्यात तिला काम मिळालं. मेथी, पालक, झेंडू. सिंधुबाई विधवा, तोंडानं फटकळ. त्यांच्या चारी बाजूंना प्लॉट पडत होते. रोज एक मोटार यायची, आतला माणूस गोड बोलायचा, आणि सिंधुबाई त्याला बांधावरूनच वाटेला लावायच्या. तिसऱ्या वर्षी एक दिवस झेंडू तोडता तोडता नवसाबाईनं त्यांना सगळं सांगितलं.

"सातबारा कुणाच्या नावावर?" सिंधुबाईंनी विचारलं.

"आमच्याच."

"लिहून दिलंय?"

"नाय. नुसती मान हलवली माझ्या माणसानं."

"मग तो बसलाय कसा? अगं, आदिवासीची जमीन अशी कुणाला घेता येत नाही. एवढी वर्षं ओरडलीस ते त्याच्या दारात. तहसील कचेरीत जाऊन ओरड ना!"

आपण एवढी वर्षं चुकीच्या दारात ओरडलो, याचाही नवसाबाईला राग आला. ती गेली. पहिल्यांदा एकटी, मग भिमाबाई आणि फुलाबाईंना घेऊन. त्यांचीही खाचरं दुकानांखाली होती. साहेब बदलले, तारखा पडल्या. दर खेपेला मळ्यातली मजुरी बुडायची, पण तारीख तिनं एकही चुकवली नाही. एकदा रंगनाथ कचेरीच्या पायरीवर भेटला. "वहिनी, मिटवून टाकू," म्हणाला, "गावाचा विकास माझ्यामुळंच झालाय ना?"

"माझ्या दारातनं पाणी नेलंस, जमीन नेलीस, मग मलाच जीपमध्ये घालून नेलंस," ती म्हणाली. "आता तू जा."

दोन हजार चार साली जागा खाली करायचा हुकूम निघाला. रंगनाथनं पत्रे उतरवले, खिडक्यांचे गजही काढून नेले. कोबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिन्ही बाया घण आणि पहारी घेऊन खाचरात उतरल्या. नवसाबाई एकेका घावाला नाव घेत होती. आधी रंगनाथचं, मग सुरुंगवाल्याचं, मग जीपवाल्यांचं. वाळू बांधावर बराच वेळ बसून होता. मग उठून म्हणाला, "दे, मी मारतो."

तिनं घण खाली ठेवला आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. तो म्हातारा दिसत होता.

"त्या दिवशी हंडा मी एकटीनं हाणला," ती म्हणाली. "हेही मीच फोडीन. तू पाणी आण."

पाणी आता दीड कोसावर होतं. वाळू घराकडे गेला. दोन हंडे घेऊन उतरला, दुपारी परत आला, पुन्हा गेला. तेव्हापासून त्या घरात पाणी वाळूच आणतो. पाड्यातले पुरुष त्याला हसतात, बाया हसत नाहीत.

कोब्याखालची माती दगड झाली होती. पहिल्या वर्षी भात गुडघ्याएवढाही झाला नाही, दाणे पोचट निघाले. पौषात नवसाबाईला मळ्याच्या कामाला जावंच लागलं. पण ती जीपच्या थांब्याकडे वळली नाही. पोरीला घेऊन, गाठोडं डोक्यावर ठेवून, डोंगर उतरून एसटीच्या फाट्यापर्यंत चालत गेली.

वाटेत एका नव्या जीप ड्रायव्हरनं गाडी थांबवून विचारलं, "सोनपाड्याच्या का तुम्ही?"

"उंबरझिऱ्याची!" ती एवढ्या जोरात ओरडली की पोरगी दचकली. ड्रायव्हरनं गुपचूप गिअर टाकला आणि निघून गेला.